नैरोबीला चाललेय, पहिल्या आठवड्यात काय करू नि काय नको?

मुलुंडवाली:

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी पुढच्या महिन्यात नैरोबीला चाललेय, काही महिने राहणं होईल. कंपनीने वेस्टलँड्समध्ये सर्व्हिस अपार्टमेंट दिलंय, ऑफिस तिथून चालत पंधरा मिनिटं म्हणतात. दुबई सिंगापूर झालंय पण तिथे एअरपोर्टला उतरलं की पुढचं सगळं आपोआप होतं, आफ्रिकेत पहिल्यांदाच. घरी आईने यूट्यूबवर कायकाय बघून ठेवलंय आणि रोज जेवताना एक नवीन बातमी वाढते, बाबा म्हणतात रोज सकाळी मुलुंडहून फास्ट पकडून सीएसएमटीला जाणाऱ्या मुलीला कसली भीती, आणि मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. सफारी वगैरे नंतर बघू, मला रोजचं सांगा. पैशाचं कसं करायचं, फिरायचं कशाने, एकटीने किती वाजेपर्यंत बाहेर राहिलं तर चालतं. आणि मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. जे तिथे राहिलेत त्यांनी प्लीज लिहा, "आफ्रिका डेंजर आहे" हे आईकडून फुकट मिळतंय.

पार्कलँड्सकर:

मी मूळ दादरचा, आता बरीच वर्षं इथेच. ताई तुमचा पहिला आठवडा मुंबईतच सुरू होतो असं समजा. यलो फीव्हरची लस. केनिया भारतातून येणाऱ्याकडे ती मागत नाही म्हणून लोक सोडून देतात, पण परत येताना आपलाच एअरपोर्ट मागतो, आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून काही फायदा नाही, आजच बघा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारने नेमलेल्या सेंटरलाच मिळते, सहारला एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचं आहे. अंडं चालतं म्हणालात ते बरं, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरला आधी सांगायचं असतं. एकदा घेतली की जन्मभराची.

मग ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी. जानेवारी २०२४ पासून व्हिसा गेला आणि हे आलं, ऑनलाइनच होतं, निदान तीन दिवस आधी भरा. साइटच्या पत्त्याच्या शेवटी गो डॉट केई आहे का बघा, गूगलवर वर वर दिसतात त्यातल्या कित्येक साइट एजंट लोकांच्या असतात आणि चांगले उकळतात. आणखी एक, ईटीए म्हणजे काम करायची परवानगी नव्हे. तुम्ही काही महिने ऑफिसात बसून काम करणार तर कंपनीने स्पेशल पास काढायला हवा, एचआरला लेखी विचारा, "हो हो होतंय" वर जाऊ नका.

बॅग भरताना प्लास्टिकच्या कॅरीबॅग अजिबात नको. ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि ती आपल्याकडच्यासारखी दोन महिने कडक नि मग भाजीवाल्याकडे परत सुरू असली नाही, कायद्यात दंड लाखो शिलिंगांत आहे आणि तुरुंगसुद्धा आहे. चपला, लोणच्याची बरणी सगळं कापडी पिशवीत घाला. प्लग ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा, आपला बसत नाही, ॲडॅप्टर मुंबईतूनच घ्या. आणि स्वेटर! आफ्रिका म्हटल्यावर सगळे लिननचे कुडते घेऊन येतात आणि जुलैत रात्री दहा-बारा डिग्रीला कुडकुडतात. वेस्टलँड्सचा भाग आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच आहे, पंखा लागत नाही, बऱ्याच घरांत पंखा नसतोच. पहिले दोन-तीन दिवस जिने चढताना धाप लागली तर घाबरू नका, ती उंचीची असते.

एअरपोर्टवरून तुम्हाला सोपं आहे. २०२२ मध्ये एक्सप्रेसवे झाला, म्लोलोंगोपासून थेट वेस्टलँड्सपर्यंत २७ किलोमीटर, वरून आलात तर वीस-पंचवीस मिनिटांत घरी. खालच्या मोम्बासा रोडने आलात आणि संध्याकाळची वेळ असेल तर वेस्टर्न एक्सप्रेस हायवेची आठवण येईल. टोल पॅसेंजरने द्यायचा असतो, ॲपमध्ये दिसणाऱ्या भाड्यात धरलेला नसतो, त्यावरून ड्रायव्हरशी वाद घालू नका.

पैशाचं मुख्य. शिलिंग साधारण ६५-७० पैशांचं. डॉलर थोडे आणा, नव्या छापाच्या नोटा, जुन्या चुरगळलेल्या घ्यायला कुरकुर करतात. पण खरं चलन एम-पेसा. २००७ मध्ये सफारीकॉमने सुरू केलं, आपलं यूपीआय यायच्या कितीतरी आधी, आणि भाजीवाल्या मामापासून (तिकडे बाईला मामा म्हणतात) हॉस्पिटलपर्यंत सगळीकडे चालतं. पहिल्याच दिवशी पासपोर्ट घेऊन सफारीकॉमच्या दुकानात जा, सिम घ्या आणि तिथेच एम-पेसा चालू करून मागा, बाहेर येऊन करू म्हणू नका. यूपीआयसारखं हे तुमच्या बँकेतून कापत नाही, फोन नंबरवरच पैसे असतात, हिरव्या पाटीच्या एजंटकडे रोख द्यायचे आणि तो तुमच्या नंबरवर भरतो. साध्या बटणांच्या फोनवरही चालतं, नेट लागत नाही. दुकानात "टिल नंबर" विचारा, तो टाकला की मालकाचं नाव येतं, ते वाचूनच पिन दाबा. आणि हो, पाठवायला, काढायला चार्ज पडतो, आपल्याला फुकटची सवय झालीय म्हणून सांगतो.

कामानिमित्त_फिरस्ता:

मॅडम, वर्षातून एखाददोनदा जातो. हॉटेल, ऑफिस, मॉल, बस्स. सीबीडीत, म्हणजे शहराच्या मध्यभागी, पाय ठेवू नका, त्या मटाटू नावाच्या रंगीत डब्यात तर अजिबात नाही, फोन पर्समधून काढू नका, अंधार पडला की खोलीत. रविवारी मंदिर आणि गुजराती थाळी. मला कधी काही झालं नाही ते यामुळेच.

रानजाई:

वरच्या प्रतिसादाला माझा पूर्ण विरोध, म्हणून जरा लांबच लिहिते. असं राहायचं तर घाटकोपरला राहा ना, नैरोबीला कशाला जायचं. मी नैरोबीतल्याच किलिमानीत राहून नोकरी केलीय, एकटी. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, पण कुठे कशाची धरायची ते कळलं पाहिजे, आणि मुंबईकराचं गणित इथे नेमकं उलटं बसतं. आपल्याला वाटतं गर्दी आहे म्हणजे सेफ, रात्री अकरालासुद्धा बायका स्टेशनवरून चालत घरी जातात. नैरोबीत ते नाही. विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर साडेसहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि आपल्यासारखी लांबलचक संध्याकाळ नसते, सातला मिट्ट काळोख, रस्त्यावर दिवे सगळीकडे नाहीत. त्यामुळे ऑफिस पंधरा मिनिटांवर आहे ना, सकाळी खुशाल चालत जा, हजारो लोक चालत असतात, पण संध्याकाळी सहा वाजून गेले तर तेवढ्याच अंतराला टॅक्सी करायची आणि त्यात लाज वाटून घ्यायची नाही. माझ्या केनियन कलीग मुलीसुद्धा हेच करायच्या.

फोनचं म्हणशील तर फटका गँग आठव. लोकलच्या दारात उभी राहून तू फोनवर बोलशील का? मग टॅक्सीची काच उघडी टाकून सिग्नलला मॅप बघत बसू नकोस, एवढंच. फुटपाथवर मेसेज आला तर दुकानात शिरायचं, बघायचं, परत ठेवायचा. टॅक्सी ॲपवरचीच, उबर आणि बोल्ट दोन्ही चालतात, लिटल म्हणून तिथलंच एक आहे. ड्रायव्हर फोन करून कुठे जायचंय आणि कॅश की एम-पेसा विचारतो, कार्ड म्हटलं की कधीकधी कॅन्सल करतो, एम-पेसा म्हण. बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पहिल्या आठवड्यात नको, हेल्मेटचा वास आणि ड्रायव्हिंग दोन्ही भयंकर.

आता मटाटू. अगं नैरोबी चालते त्याच्यावर! चौदा सीटांच्या व्हॅन आणि मोठ्या मिनीबस, सगळ्या खासगी, अंगभर फुटबॉलपटूंची नि रॅपरची चित्रं, आत छातीत धडधडेल इतका बास. दारात लटकलेला कंडक्टर छपरावर थाप मारतो, दोन थापा म्हणजे चल. रूटला नंबर असतात, १११ न्गाँगला, ४६ कावांग्वारेला वगैरे, पण भाडं लिहिलेलं नसतं, दुपारी पन्नास असेल तेच पाऊस पडला की शंभर, म्हणून चढायच्या आधी विचारायचं. एकटीने पहिल्या दिवशी नको, पण ऑफिसमधल्या कुणाबरोबर दिवसाउजेडी एकदा जाच, खिडकीकडची सीट सोडून बस आणि बॅग मांडीवर. रोज आठ छप्पनच्या गर्दीत स्वतःला कोंबणाऱ्या माणसाला हे कठीण नाही, उलट इथे प्रत्येकाला बसायला मिळतं, ते बघून मला पहिल्यांदा भरून आलं होतं :)

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपण मुंबईकर थेट मुद्द्यावर येतो, "भैया कितना?" तिथे हे फार उद्धट समजतात. गेटवरचा वॉचमन (त्याला आस्कारी म्हणतात), दुकानदार, टॅक्सीवाला, आधी "हबारी" म्हणायचं, तो "म्झुरी" म्हणेल, मग काम. लिफ्टमध्ये अनोळखी माणूससुद्धा गुड मॉर्निंग म्हणतो. हे तीन सेकंदांचं केलंस की समोरचा माणूस बदलतो, आणि नाही केलंस की तू "म्हिंदी मॅडम" होतेस. म्हिंदी म्हणजे इंडियन, रस्त्यात हाक मारतील, त्यात शिवी नाही, पण त्यामागे एक इतिहास आहे. आपल्या लोकांनी तिथे शंभर वर्षं दुकानं, कारखाने चालवले आणि बऱ्याच घरांत नोकरांशी कसं बोलतात ते तू पहिल्याच आमंत्रणात बघशील, माझं तरी डोकं फिरायचं. २०१७ मध्ये सरकारने आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, कागदावर. प्रत्यक्षात कितीतरी कुटुंबं पार्कलँड्स-वेस्टलँड्सच्या बाहेर जात नाहीत. कंपनीने तुलाही तिथेच ठेवलंय, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्या वर्तुळाबाहेर पडायची सवय लाव, नंतर आळस येतो आणि लोक सहा महिने राहून फक्त तीन मॉल बघून येतात.

आईने वेस्टगेटचं बघितलंच असणार. सप्टेंबर २०१३ चा तो दहशतवादी हल्ला, मॉल वेस्टलँड्समध्येच आहे, २०१५ ला परत उघडला, तू कदाचित तिथेच भाजी घ्यायला जाशील. तेव्हापासून प्रत्येक मॉलला बॅग तपासतात, गाडीखाली आरसा फिरवतात. २६/११ नंतर आपल्याकडे जे झालं तेच, आईला असंच सांग, तिला कळेल.

पार्कलँड्सकर:

रानजाई यांना +१, आमच्या वर्तुळाबद्दल लिहिलंय ते झोंबलं पण खोटं नाही. भर घालतो. मोर्चे. जून २०२४ मध्ये फायनान्स बिलावरून तरुण पोरं रस्त्यावर उतरली, थेट पार्लमेंटमध्ये घुसली, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हापासून जूनचा शेवट आणि ७ जुलै या दिवसांत सीबीडी बंद असण्याची शक्यता धरायची. "मांडामानो" (म्हणजे मोर्चा) हा शब्द ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसला की त्या दिवशी घरून काम. बाकी वर्षभर सीबीडी म्हणजे आपलं फोर्ट, कामाची माणसं, कोर्टकचेऱ्या, बँका. फिरस्ता साहेब, दिवसा जायला काहीच हरकत नाही हो. फोटो मात्र बघून काढा, पोलिस, लष्कर, सरकारी बिल्डिंग, स्टेट हाउस (राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान) यांचे नको, नसती चौकशी लागते.

मुलुंडवाली:

बापरे किती लिहिलंत, मनापासून थँक्यू. स्पेशल पासचं आजच एचआरला विचारलं, त्यांना माहीतच नव्हतं!! म्हणजे हे एकच वाक्य सगळ्या धाग्याचे पैसे वसूल. आता खाण्याचं कुणीतरी सांगा ना. आई कुकर, पोळपाट आणि पाच किलो कणीक देतेय, काय काय थांबवू? आणि पहिल्या वीकेंडला एकटीने जाण्यासारखं काही?

खादाड_बोका:

कणीक थांबवा!!! तिथे चपाती घरोघरी होते, म्हणतातसुद्धा चपातीच, फक्त मैद्याची आणि तेलाची, आपल्या परोठ्याच्या जवळ जाणारी. दुपारी ऑफिसजवळच्या कुठल्याही साध्या खाणावळीत चपाती आणि न्डेंगू मागायचं, न्डेंगू म्हणजे हिरव्या मुगाची उसळ, टोमॅटो कांदा घालून, तिखट नसते एवढंच दुःख, लाल तिखटाची पुडी पर्समध्ये ठेवा. सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी, रोजची गरिबाची नि श्रीमंताचीही. गिथेरी म्हणजे मका आणि राजमा एकत्र शिजवलेलं. उगाली पांढऱ्या मक्याच्या पिठाची, आपल्या तांदळाच्या उकडीची घट्ट बहीण म्हणा, हाताने गोळा करून भाजीला लावून खायची, एकटी खाल्लीत तर काही चव लागणार नाही आणि मग लोक नावं ठेवतात. बीन्सच्या भाजीत कधी मटणाचा रस्सा असतो म्हणून "बिला न्यामा" म्हणजे मांसाशिवाय एवढं पाठ करा.

आणि पार्कलँड्समध्ये डायमंड प्लाझा. आत शिरलात की पाच-सहा वेटर मेन्यूकार्ड घेऊन अंगावर येतात, प्रत्येकाला वाटतं तुम्ही त्याच्याच टेबलावर बसावं, दादर स्टेशनबाहेरचे टॅक्सीवाले परवडले. तिथे मारू भजिया खा, बटाट्याच्या पातळ चकत्या, बेसन, कोथिंबीर, सोबत टोमॅटोची दाटसर चटणी. ही खास नैरोबीची, आपल्याकडची बटाटाभजी नव्हे, कुरकुरीतपणा वेगळाच. मोगो म्हणजे कसावा तळून वर लिंबू-तिखट, चिप्स मसाला, उसाचा रस, सगळं आहे. तूरडाळ, हिंग, पोहे, साबुदाणा तिथल्या दुकानांत मिळतात, गोडा मसाला तेवढा न्या कारण दुकानं गुजराती आहेत आणि त्यांना त्याचं काय. ताजी फळं, भाज्या, बियाणं नेऊ नका, एअरपोर्टवर काढून घेतील. तिकडचे ॲव्होकॅडो आणि आंबे बघून तुम्हाला आपल्या बाजारभावाची लाज वाटेल (हापूस सोडून, त्याच्याबद्दल काही ऐकून घेणार नाही).

चहा दूध घालून उकळलेलाच मिळतो, निश्चिंत राहा.

मीटरगेज:

वीकेंडचं मी सांगतो, रेल्वेवाला माणूस आहे, सांभाळून घ्या. नैरोबी हे शहर रेल्वेनेच वसवलं. १८९६ मध्ये मोम्बासाहून युगांडा रेल्वे निघाली, १८९९ मध्ये लाइन या दलदलीपाशी पोचली, पुढे घाट चढायचा म्हणून इथे डेपो टाकला, त्याचं हे एवढं झालं. मीटरगेज लाइन, तीसेक हजार मजूर हिंदुस्थानातून करारावर नेलेले, बहुतेक पंजाबचे, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. १९२० पर्यंत तिकडे रुपयाच चालायचा. जुन्या स्टेशनजवळ रेल्वे म्युझियम आहे तिथे जा, जुनी इंजिनं आहेत, आणि १९०० साली किमा स्टेशनवर सिंहाने ज्या डब्यातून एका इंग्रज पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेलं तो डबासुद्धा ठेवलाय. सिंहाला मारायला म्हणून रात्री डब्यात दबा धरून बसले होते आणि साहेबाला झोप लागली.

तिथून जवळच मोई ॲव्हेन्यूवर नॅशनल आर्काइव्ह्ज. खाली मुरुंबी यांचा संग्रह आहे, आफ्रिकेभरच्या वस्तू, कापड, मुखवटे. जोसेफ मुरुंबी केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष, वडील गोव्याचे आणि आई मासाई. आपल्याकडे हे नाव कुणाला माहीत नसतं. तसाच पिओ गामा पिंटो, गोवन, नैरोबीत जन्मलेला, तरुणपणी मुंबईत नोकरी केली, गोवा मुक्तीच्या कामात पडला, परत जाऊन इंग्रजांविरुद्ध लढला, त्यांनी डांबून ठेवलं, आणि स्वतंत्र केनियात १९६५ मध्ये गोळ्या घालून त्याला मारलं. म्हिंदी म्हणजे फक्त दुकानदार असं कुणी म्हणालं की ही दोन नावं सांगायची.

आणि सफारी नको म्हणालात तरी नैरोबी नॅशनल पार्क चुकवू नका, ते शहरातच आहे. १९४६ चं, ११७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कपेक्षा जरासं मोठं. बोरिवलीत बिबट्या दिसला तर पेपरात येतो, इथे सिंह, गेंडे, जिराफ आणि मागे शहराचे टॉवर. हत्ती मात्र नाहीत, जागा पुरत नाही. पार्कावरून नव्या रेल्वेचा उंच पूल गेलाय, त्यावरून तिकडे आरेसारखीच भांडणं झाली. आणि आरे म्हटलं की करुरा, उत्तरेला, तुमच्यापासून जवळच. नव्वदच्या दशकात बिल्डरांना वाटून टाकलेलं जंगल वांगारी माथाई आणि बायकांनी मार खाऊन वाचवलं, त्यांना २००४ चं शांततेचं नोबेल. रविवारी सकाळी एकट्या बायका तिथे धावायला येतात, गेटवर तिकीट आहे, आत गार्ड फिरतात.

रानजाई:

करुराला +१००. पहिल्या रविवारी तेच कर, एकटीने. पार्कला मात्र गाडी लागते, आत चालता येत नाही, कलीग्जबरोबर पहाटे सहाला गेट उघडताना जा, दहानंतर सिंह झोपतात. गेटवर कॅश घेत नाहीत, तिकीट सरकारी ईसिटिझन साइटवर आधी काढायचं, एम-पेसाने होतं. आणि तुला परदेशी माणसाचा रेट लागेल, स्थानिकापेक्षा कितीतरी जास्त, तो बघून दचकू नकोस.

अंधेरी_पूर्व:

मधेच विचारतेय, माझा नवरा त्याच महिन्यात मोम्बासाला जातोय, नैरोबीहून ट्रेनने. मलेरियाच्या गोळ्या लागतात का? आणि ट्रेन कशी आहे?

पार्कलँड्सकर:

नैरोबी उंचावर, मलेरियाचा धोका फार कमी. मोम्बासा समुद्राकाठी, तिथे आहे, डॉक्टरला विचारून गोळ्या निघायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात. ट्रेन २०१७ ची, मदाराका एक्सप्रेस, पाच-सहा तास, त्सावोच्या जंगलातून जाते, खिडकीतून हत्ती दिसतात कधीकधी. तिकीट आधी काढा, वीकेंडला मिळत नाही. स्टेशन शहरात नाही, स्योकिमाऊला आहे एअरपोर्टच्या बाजूला, दोन तास हातात ठेवून निघा म्हणावं, सामानाची तपासणी कुत्र्यांकडून होते आणि रांग लांब असते.